मित्राचे घर कोठे आहे?

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' 1981 साली रंगमंचावर आले. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी नाटकाच्या मध्यभागी उभी राहिली, याचे श्रेय तेंडुलकरांना दिलेच पाहिजे. परंतु ही सुमित्रा देव कोणत्या घरातून येते? त्या घरात कोण आजारी आहे, कोण मेले आहे, आणि ती मेल्यावर तिच्यासाठी कोण रडले? नाटकाला याची फारशी फिकीर नाही. तिची गोष्ट सांगतो बापू, तिचा पुरुष मित्र. नामावरचे प्रेम, दळवीचा सूड, मग दारू, मग आत्महत्या. एकटेपणाची ही चढती भाजणी पांढरपेशा प्रेक्षकाला हळहळायला लावते आणि मोकळेही करते. घरी जाताना त्याला स्वतःच्या घराविषयी काही विचारावे लागत नाही.

आता आपली आत्मकथने पाहा. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (1986) मध्ये आषाढात बायांच्या अंगात येते; एरवी जिला तोंड उघडायची मुभा नाही ती तेव्हा देवी म्हणून बोलते. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (2003) मध्ये आईचे विणणे आणि लेकीचे लिहिणे एकाच दुःखाच्या धाग्याने बांधलेले आहे. म्हणजे घर आहे, मरण आहे, मनाचा कोंडमारा आहे. मात्र अशा घरात वाढलेली मित्रा या पानांवर भेटत नाही.

ती वस्तीत नव्हती काय? होतीच. पण पहिल्या पिढीच्या शिकलेल्या लेकीने समाजाचे नाव काढायचे असते, आणि या अब्रूच्या धास्तीने आपणही गप्प राहिलो. ही धास्ती बाबासाहेबांकडून आलेली नाही. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 साली कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनीच घेतले होते. खटला हरला, भूमिका हरली नाही.

मी माजिवड्यात राहते, ठाण्यात शिकवते. इथले मनोरुग्णालय 1901 पासूनचे. 'याला ठाण्याला पाठवा' हा मराठीतला जुना विनोद. (आम्ही ठाणेकरांनी कोठे जायचे, हे विनोदकार सांगत नाहीत.) ज्या घरातल्या आईला तिथे न्यावे लागले, त्या घरात लेकीचे मैत्रिणीवरचे प्रेमही 'आईवर गेली' या दोन शब्दांत निकालात निघते. प्रेमाला रोग ठरवायचे आणि खऱ्या रोगाला लाज. दोघींनाही माणूस म्हणून नाकारण्याची ही एकच रीत आहे. या विषयावर लिहिणाऱ्याने ही गाठ सोडवली पाहिजे, नाहीतर तो ती आणखी घट्ट करील.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. 17 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच न्यायालयाने अशा विवाहाला मान्यता नाकारली. तेव्हा जोडीदारीण मेली तर मागे राहिलेलीला विधवा म्हणून कोणी ओळखणार नाही. पण 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात एक बारीक फट आहे. आजारपणात आपल्या वतीने कोणी उभे राहायचे हे व्यक्ती स्वतः ठरवू शकते, आणि तो माणूस नात्यातलाच हवा असे बंधन नाही. त्यासाठी साधा कागद पुरतो, त्यावर सही किंवा अंगठा. त्या कागदावर मैत्रिणीचे नाव सांगणारी बाई कोणत्या बोलीत बोलते, हे मला वाचायचे आहे.