‘स्वच्छ बाटली’ पुरत नाही

‘सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत आणा.’ लघवीचे कल्चर करायचे ठरले की शिरूर-दौंडकडे रुग्णाला बऱ्याचदा एवढेच सांगितले जाते. या वाक्याची जरा चिरफाड करू.

‘सकाळची’ हे ठीक. रात्रभर मूत्राशयात साठलेल्या लघवीत जंतू असलेच तर वाढलेले असतात. ‘पहिली’ हा शब्द मात्र घोटाळा करतो. ऐकणारा सुरुवातीची धारच बाटलीत धरतो आणि मूत्रमार्गाच्या तोंडाशी, कातडीवर नेहमी राहणारे जंतू नमुन्यात उतरतात. हवी असते ती मधली धार. (बाईमाणसाला हे जमायचे तर संडासात पाणी आणि दाराला कडी हवी, हेही कुणी पाहत नाही.) ‘स्वच्छ’चीही तीच गत. खळबळून धुतलेली औषधाची बाटली स्वच्छ असते, निर्जंतुक नसते.

वेळेबद्दल तर वाक्यात अवाक्षर नाही. नमुना पुण्याला पाठवायचा झाला तर अंतर ७०-७५ किलोमीटर. मिलिलिटरमागे १ लाख जंतू म्हणजे संसर्ग, हा दंडक १९५० च्या दशकात अमेरिकेतील डॉ. एडवर्ड कास यांच्या कामातून रूढ झाला. आता वर्गात हे गणित घाला: बाहेरून आलेले जंतू मिलिलिटरला २,००० आहेत आणि मेच्या उन्हात दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात असे धरा. ३ तासांत ते १,२८,००० होतील. निरोगी माणूस कागदावर आजारी! नमुना ४ अंश सेल्सियसला ठेवला तर ही वाढ जवळजवळ थांबते. बर्फ घातलेला थर्मासही वाटेत उपयोगी पडतो. अमेरिकेतील १२७ प्रयोगशाळांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथेही दूषित नमुन्यांचे मध्यक प्रमाण १५ टक्के निघाले, आणि नमुने थंड ठेवणाऱ्यांकडे ते कमी होते.

तीन-चार जातींचे जंतू उगवले तर प्रयोगशाळा नमुना दूषित ठरवते. एकाच जातीचे उगवले तर फसगत कळतही नाही. एखाद्या गरोदर बाईला नको असलेले प्रतिजैविक सुरू होते.

‘नमुना दूषित, पुन्हा पाठवा’ असा शेरा आला की दोष रुग्णाच्या माथी. ऊसतोडीवरची बाई आणखी एक खाडा करून येते, तीच बाटली धुऊन घेऊन.