चांदीपुरा विषाणू आणि पूरक प्रथिने : एक चिकित्सा

रोगप्रतिकारशास्त्र शिकविताना, विषाणूच्या आवरणास छिद्र पाडून त्याचा नाश करणे हेच रक्तातील पूरक प्रथिनांचे प्रमुख कार्य म्हणून बहुधा ठसविले जाते. ही मांडणी अपुरी आहे, हे विदर्भातच प्रथम आढळलेल्या एका विषाणूवरून स्पष्ट होते.

१९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू सापडला. वाळूमाशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूच्या २००३ मधील साथीत आंध्र प्रदेश व महाराष्ट्रातील अनेक बालके मेंदूज्वराने दगावली.

२०१९ मध्ये ‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार निरोगी माणसाच्या रक्तद्रवात हा विषाणू निष्प्रभ होतो. ‘सी१क्यू’ हे प्रथिन त्यास थेट चिकटते, ‘सी४’ व ‘सी३’ यांचे अंश त्यावर साचतात आणि विषाणुकणांचे पुंजके बनतात. छिद्रासाठी आवश्यक असलेले ‘सी८’ वगळले तरी परिणामात फरक पडत नाही. म्हणजेच येथे छेदनापेक्षा पुंजीकरण निर्णायक ठरते.

तथापि परीक्षानळीतील रक्तद्रव म्हणजे आजारी बालकाचे शरीर नव्हे. रक्तात नामोहरम होणारा विषाणू मेंदू कसा गाठतो, हा प्रश्न अशा प्रयोगाने सुटत नाही. मेंदूभोवतीच्या द्रवात ही प्रथिने रक्ताच्या तुलनेने फारच अल्प असतात, ही बाब येथे महत्त्वाची वाटते. या विषाणूवर अद्याप मान्यताप्राप्त लस नाही. म्हणूनच संरक्षण रक्तात नेमके कोठे तोकडे पडते, याचा शोध घेणे हे पुढील संशोधनाचे पहिले कर्तव्य ठरते.