टुपॅक : पोस्टर नको, अख्खा माणूस हवा



टुपॅक शकूर या काळ्या अमेरिकन रॅपरवरून आपल्या पोरांत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, तो पँथरचा पोरगा, आपला भाऊ, लावा त्याचं पोस्टर. दुसरा म्हणतो, तुरुंगात जाऊन आलेला शिवराळ गुंड, त्याचं नाव कशाला घेता? माझं सरळ म्हणणं आहे, दोन्ही तटांनी त्याची गाणी धड ऐकलेली नाहीत. मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. इंग्रजी शाळेची पायरी चढलेलो नाही. पाळी सुटल्यावर डिक्शनरी उघडून एकेक ओळ लावली आणि ही गाणी समजून घेतली. त्या बळावर लिहितोय. पटलं तर घ्या, नाही तर भांडा.

आधी जन्म बघा. टुपॅकची आई अफेनी शकूर न्यूयॉर्कच्या ब्लॅक पँथर पार्टीत होती. १९६९ साली तिथल्या २१ पँथरांवर बॉम्बस्फोटाच्या कटाचे आरोप ठेवले गेले. त्यात ती होती. वकील न घेता ती कोर्टात स्वतः उभी राहिली, स्वतःची बाजू स्वतः मांडली. पोटात हे पोर होतं. मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली आणि १६ जून १९७१ ला टुपॅक जन्मला. पेरू देशात स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या तुपाक अमारूचं नाव आईनं त्याला दिलं. पुढच्या वर्षी, १९७२ ला, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिचं नाव त्याच ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. तेव्हा नातं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण नात्यानं कुणी कवी होत नाही.

कवी तो कशानं झाला? न्यूयॉर्क सुटलं, बाल्टिमोर आलं. तिथल्या कलाशाळेत तो नाटक, कविता, बॅले शिकला. १९८८ ला कुटुंब कॅलिफोर्नियात मरीन सिटीला गेलं. आई क्रॅक नावाच्या नशेत सापडली. पोरानं शाळा सोडली. डिजिटल अंडरग्राउंड या रॅप मंडळीत सामान उचलायचं आणि मागं नाचायचं काम धरलं. नोव्हेंबर १९९१ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला. नाव ‘टुपॅकालिप्स नाऊ’.

त्यातलं ‘ब्रेंडाज गॉट अ बेबी’ हे गाणं ऐका. बारा वर्षांची पोर. नात्यातल्याच पुरुषाकडून गरोदर राहते, मोरीत बाळंत होते, बाळ कचऱ्यात टाकते आणि रडणं ऐकून परत उचलते. पुढं घर सुटतं, अंग विकावं लागतं, शेवटी खून होतो. वर्तमानपत्रातली बातमी वाचून त्यानं हे लिहिलं. यात कडव्यामागून कडवं असा थाटच नाही. एकच लांब कहाणी, दम न घेता सांगितलेली. ऐकणाऱ्याला कुठं थांबून हळहळायला जागाच ठेवली नाही. उपदेश नाही, अश्रू नाहीत. हे एका ब्रेंडाचं दुखणं नसून सगळ्या वस्तीचं आहे, एवढं मात्र तो बजावतो. विद्रोही कवितेत नुसत्या शिव्या मोजणाऱ्या आपल्या समीक्षकांनी हा संयम बघावा.

त्याच सुमारास, ऑक्टोबर १९९१ मध्ये, ओकलंडमध्ये रस्ता चुकीच्या जागी ओलांडला म्हणून पोलिसांनी त्याला अडवलं आणि मारलं. ज्या ओकलंडमध्ये १९६६ ला ब्लॅक पँथर पार्टी जन्मली, तेच हे गाव. त्यानं पोलिसांवर दावा ठोकला. १९९२ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी हा अल्बम बाजारातून काढून घ्या म्हणून मागणी केली. सत्ता कवितेला भिते, याचा आणखी पुरावा कशाला पाहिजे?

इथपर्यंत पोस्टरवाले खूश असतील. आता पुढचं ऐका.

ऑक्टोबर १९९३ मध्ये ‘कीप या हेड अप’ हे गाणं बाहेर आलं. लटाशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या काळ्या मुलीला ते अर्पण केलंय. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका दुकानात संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून तिला गोळी घालून मारलं, आणि मारणारीला तुरुंगवासाची शिक्षा झाली नाही. या गाण्यात टुपॅक पुरुषांना सवाल करतो, ज्या बाईच्या पोटी आलो तिलाच का ओरबाडता? आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या प्रकरणात एका १९ वर्षांच्या तरुणीनं त्याच्यावर आणि त्याच्या साथीदारांवर तक्रार केली. डिसेंबर १९९४ मध्ये कोर्टानं त्याला लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवलं. इतर काही आरोपांतून तो सुटला. मी निर्दोष आहे, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. शिक्षा झाली दीड ते साडेचार वर्षांची.

यावर पोस्टरवाले म्हणतात, गोऱ्यांचं कारस्थान. गोऱ्यांची कोर्टं काळ्यांना कशी वागवतात ते मला ठाऊक आहे. अफेनीचाच खटला बघा. पण तक्रार करणारी बाईसुद्धा माणूस आहे, हे त्याचंच गाणं आपल्याला शिकवतं. मग ते माप त्याला का लावायचं नाही? आपल्यातही आईवर टाळ्याखाऊ कविता वाचणारे आणि घरी बायकोला तोंड उघडू न देणारे कवी आहेतच की. त्यांना हे गाणं दहादा ऐकवलं पाहिजे.

तो तुरुंगात असतानाच ‘मी अगेन्स्ट द वर्ल्ड’ हा अल्बम १९९५ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेला. मग पैसा धावून आला. डेथ रो या कंपनीशी करार झाला, १४ लाख डॉलरच्या जामिनावर ऑक्टोबर १९९५ मध्ये तो सुटला. जामीन फुकट मिळत नसतो. बदल्यात गाणी द्यायची होती. फेब्रुवारी १९९६ ला दोन तबकड्यांचा ‘ऑल आईज ऑन मी’ आला. आवाज जबरदस्त, पण ब्रेंडाची वस्ती बरीच मागं पडली. त्याच वर्षीच्या ‘हिट एम अप’मध्ये तो दुसऱ्या काळ्या रॅपरला खाली पाडायला त्याच्या बायकोला वापरतो. ज्या रागाला आधी पोलीस आणि सरकार दिसत होतं, तो राग आता आपल्याच माणसावर वळला. बाजाराला हेच पाहिजे असतं.

७ सप्टेंबर १९९६ ला लास वेगासमध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या. १३ तारखेला तो गेला. वय २५. खून केल्याच्या आरोपावरून पहिली अटक व्हायला २०२३ साल उजाडलं. मेल्यावरही धंदा थांबला नाही. हयातीत जेवढे अल्बम निघाले त्याहून जास्त मागाहून निघाले. २०१२ मध्ये तर कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात त्याची प्रकाशाची आकृती करून तिच्याकडून गाणी गाऊन घेतली. मेलेल्या कामगाराला पाळी भरायला लावणारी ही गिरणी.

मग त्याला कसं घ्यायचं? उत्तर त्याच्याच ‘डिअर ममा’मध्ये आहे. १९९५ चं हे गाणं. त्यात आई देवी नाही. ती नशेत होती, हे तो साफ सांगतो. फाटक्या संसारात ताटात काहीतरी वाढणारी आई, तीही तिथंच आहे. एक लपवून दुसरी दाखवत नाही. आईला अख्खी घेतो आणि मग आभार मानतो. म्हणून ते खरं वाटतं.

त्यानं आईला जसं घेतलं, तसंच आपण त्याला घ्यावं. ब्रेंडा लिहिणारा तोच, आणि दोषी ठरलेलाही तोच. गाणं मोठं म्हणून गुन्हा धुतला जात नाही. गुन्हा झाला म्हणून ब्रेंडाचं मरण खोटं ठरत नाही. ज्यांना हे दोन्ही एकदम पेलत नाही, त्यांनी पोस्टरही लावू नये आणि शिवीही देऊ नये. आधी गाणी ऐकावीत.