वाळूचा दांडा येतो कुठून?

शालेय भूगोलात बाह्यप्रक्रिया शिकवताना नदी, हिमनदी, वारा, सागरी लाटा असा एकेक कारक घेऊन त्याचे खनन, वहन व संचयन सांगण्याची पद्धत रूढ आहे. ही मांडणी सुटसुटीत आणि परीक्षेला सोयीची आहे. पण लाटांच्या संचयनापाशी ती अपुरी पडते. पुळण, वाळूचा दांडा, खाजण यांच्या व्याख्या व आकृत्या मुलांना मिळतात. ही वाळू आली कुठून, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच निघतो.

समुद्र नसलेल्या अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शिक्षकांजवळ या प्रश्नाचे चांगले उत्तर आहे. अकोले तालुक्यात रतनगडाजवळ उगम पावणारी प्रवरा प्रवरासंगमला गोदावरीस मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. तेथे नदीने आणलेली वाळू लाटा ताब्यात घेतात. तिरपी आलेली लाट वाळू तिरकी वर नेते, परतणारे पाणी ती उताराने सरळ खाली आणते. अशा करवती वाटेने वाळू किनाऱ्यालगत सरकते. किनारा आत वळतो तेथे पाण्याचा जोर कमी होऊन वाळू साचते व दांडा वाढत जातो. काकीनाड्यासमोरचा सुमारे १६ कि. मी. लांबीचा दांडा असाच तयार झाला. त्याचे वय दोन-अडीच शतकांच्या आसपास आहे.

आता दुसरी बाजू पाहू. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, पैठणचे जायकवाडी १९७६ मध्ये. जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटा प्रवरासंगमापर्यंत येतो. पाणी संथ झाले की गाळ खाली बसतो. दांड्याला लागू असलेला नियमच येथे लागू होतो. गोदावरीवरील व तिच्या उपनद्यांवरील धरणांनी असा गाळ अडवल्यामुळे त्रिभुज प्रदेशाचा काही किनारा मागे हटतो आहे, असे अभ्यासकांनी दाखवले आहे.

नदी आणि समुद्र वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवले की हा संबंध तुटतो. भूरूप म्हणजे कायमची तयार वस्तू, असा समज होतो. खरे तर किनारा हा जमाखर्च आहे. जमा घटली की तो झिजतो.

म्हणून दांड्याची आकृती काढून घेण्यापूर्वी मुलांना फळ्यावरील नकाशात प्रवरेपासून काकीनाड्यापर्यंत रेघ ओढू द्यावी आणि तिच्यावर धरणे दाखवायला सांगावे. व्याख्या त्यानंतर सांगितली तरी चालेल.