तांब्याचे पाणी आणि उंदराचे कोलेस्टेरॉल

तांब्याच्या भांड्यातील पाण्याने रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते आणि ते उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले आहे, असे आम्ही बोरीवलीच्या बाजारात ऐकतो, तसेच शिक्षकांच्या खोलीतही. प्रयोग खरे आहेत. निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही.

१९७३ मध्ये अमेरिकेतील लेस्ली क्लेव्हे यांनी उंदरांच्या आहारात तांब्याच्या तुलनेत जस्ताचे प्रमाण वाढवले, तेव्हा त्यांचे कोलेस्टेरॉल वाढले. इतर काही प्रयोगशाळांत जस्ताचा हा परिणाम आढळला नाही. तांब्याचा अंश फारच कमी असलेल्या आहाराने ते वाढते, हे मात्र पुन्हापुन्हा दिसले. म्हणजे भक्कम पुरावा आहे तो कमतरतेच्या परिणामाचा. कमतरता नसताना जादा तांबे दिल्यास कोलेस्टेरॉल उतरते, हे निराळे विधान झाले. त्याला निराळा प्रयोग हवा. पाण्यावाचून पीक वाळते, म्हणून भिजलेल्या शेतात आणखी पाणी सोडल्याने ते दुप्पट येत नाही.

शिवाय जादा तांबे निरुपद्रवी नसते. पाण्यात ते थोडेच उतरते, दुधात अधिक. पितळेच्या भांड्यात तापवलेले दूध आणि तान्ह्या मुलांच्या यकृताचा सिरोसिस यांचा संबंध १९८० च्या दशकात पुण्यातील अभ्यासातून पुढे आला.

असा दावा वर्गात आला, तर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारू द्यावेत: प्राणी कोणता? त्याच्या आहारात आधी काय कमी होते? तुलना कोणाशी केली?