बालवाचनाची स्मृती: एक पुनर्विचार

बालपणी आवडलेल्या पुस्तकांविषयी लिहिताना मराठी लेखक बहुधा हळवा होतो आणि समीक्षक त्या हळवेपणाकडे पाठ फिरवतो. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. बालवाचनाची स्मृती हा वाङ्मयीन निर्णय नव्हे. पण तो पुरावा निश्चित आहे. तो नेमका कशाचा पुरावा, हे मात्र तपासले पाहिजे.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. बालवाचनाच्या आठवणींत हे पुस्तक हमखास येते आणि डोळ्यांतील पाण्यासह येते. परंतु ही कृती स्वतःच एक स्मरण आहे, याचा त्या पाण्यात विसर पडतो. प्रौढ श्याम रात्री आश्रमातील सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे येथे आईइतकेच महत्त्व सांगण्याला आहे. पुनर्वाचनात प्रौढ वाचकाला कर्ज, मानहानी आणि कोकणातील खचत गेलेले घर ठळकपणे जाणवते. बालवाचकाने ऐकला होता तो सांगणाऱ्याचा आवाज. दोन्ही वाचने खरी आहेत. पण पहिल्याच्या बळावर दुसरे नाकारले, की स्मृतीची मिरासदारी सुरू होते.

या मिरासदारीच्या मर्यादा महाराष्ट्राबाहेर अधिक स्पष्ट होतात. बेंगळूरुच्या वायव्येस तुमकूरु रस्त्यालगत १९७०च्या दशकात उभ्या राहिलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्राचा या दृष्टीने विचार करावा. यंत्रशाळा आणि लहानमोठे कारखाने यांच्या या परिसरात पोटापाण्यासाठी येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबाला शाळा, बाजार वा रस्त्यावरचे फलक यांतून मराठी फारशी भेटत नाही. अशा घरातील मुलापर्यंत मराठी गोष्ट पोहोचते ती आजीच्या तोंडून, किंवा गावाहून येताना सामानात घातलेल्या एखाद्या पुस्तकातून. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आणि त्याची पुण्यातील शाळा या मुलाच्या ओळखीची नसते. आईवडिलांना त्यातील गल्ल्या आठवतात. मुलाला आठवण्याजोगे तेथे काहीच नसते. त्याच्यासमोर कथा केवळ कथा म्हणून उभी राहते आणि तिला स्वतःच्या गतीवरच त्याला जिंकावे लागते.

‘चांदोबा’ची गोष्ट निराळी. १९४७ साली मद्रासहून तेलुगू व तमिळ भाषांत निघालेले हे मासिक १९४९ साली कन्नडमध्ये आणि १९५२ साली मराठीत आले. मासिक बंद पडून आता दशकाहून अधिक काळ लोटला; तरी चित्रकार शंकर यांनी रेखाटलेला, खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला विक्रम राजा त्या पिढीच्या डोळ्यांसमोर आहे. मराठी वाचक त्याला आपल्या बालपणाचा खास ठेवा मानतो. पीण्यात शेजारी राहणाऱ्या त्याच पिढीच्या कन्नड वाचकाचाही तोच ठेवा असू शकतो. स्मृती आपली असली, तरी गोष्ट आपल्या एकट्याची नव्हती.

याची मुळे जुनी आहेत. बेंगळूरु ही शहाजीराजांची जहागीर होती आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरास मराठी राज्य स्थापिले. पुढे त्याच घराण्यातील सरफोजीराजांच्या प्रेरणेने १८०६ साली इसापच्या नीतिकथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर तंजावरास छापले गेले. ग्रीक परंपरेतील गोष्टी, तमिळ भूमी आणि मराठी भाषा, असा हा मुद्रित मराठी बालवाङ्मयाच्या आरंभकाळातील संगम आहे.

तेव्हा बालवाचनाची स्मृती साक्ष देते ती पुस्तकाच्या श्रेष्ठत्वाची नव्हे, तर गोष्ट मुलापर्यंत कशी आणि कोणाच्या आवाजात पोहोचली याची. ग्रंथालयासाठी वा पाठ्यक्रमासाठी बालपुस्तके निवडताना वडीलधाऱ्यांचा गहिवर हा एकमेव निकष ठरला, तर पीण्यातील मुलाच्या हाती दुसऱ्याचे बालपण पडेल. ती पुस्तके त्याला आज मोठ्याने वाचून दाखवावीत. ऐकताना तो कोठे थांबवतो आणि कोठे ‘पुढे काय?’ म्हणून विचारतो, याकडे समीक्षेनेही लक्ष द्यावे.