वितर्क आणि व्यापार

धम्मपदाच्या पहिल्या गाथेस अलीकडे बाजारांत मोठा भाव आला आहे. उद्योगांत यश मिळविण्याचे मार्ग शिकविणारीं पुस्तकें तिचा हवाला देऊन सांगतात, कीं श्रीमंतीचें चिंतन करणाऱ्याकडे श्रीमंती चालून येते. मॅक्स म्युल्लरच्या १८८१ सालच्या इंग्रजी भाषांतरांत या अर्थास थोडा आधार सांपडतो खरा. परंतु गाथेचा उत्तरार्ध हीं पुस्तकें गाळतात. दूषित मनानें बोलणाऱ्या-वागणाऱ्याच्या मागें दुःख लागतें, असें तेथें म्हटलें आहे. हें आश्वासन नव्हे, ताकीद आहे.

आम्हांस याहून उपयुक्त वाटतें तें मज्झिमनिकायांतील द्वेधावितक्कसुत्त. बोधिप्राप्तीपूर्वीं आपण आपल्या वितर्कांचे दोन वाटे केले, असें बुद्ध तेथें सांगतात: एकीकडे काम, द्वेष व हिंसा, दुसरीकडे त्यांचे विरोधी. ज्याचें चिंतन वारंवार करावें, तिकडे चित्त झुकतें. शेतें पिकानें भरलीं असतां गुराखी काठीनें गुरें आवरतो. पीक गांवांत आल्यावर झाडाखालीं बसून नुसतें लक्ष ठेवलें तरी पुरतें. हा दृष्टांत कोणत्याही पेढीवाल्यास समजावून द्यावयास नको.

आणि द्रव्याविषयींच बोलावयाचें, तर दीघनिकायांतील सिगालोवादसुत्त उघडावें. मिळकतीचा एक भाग उपभोगास, दोन धंद्यांत, चौथा आपत्काळासाठीं. दानाचा निराळा वाटा येथें नाहीं, याचें आम्हांस प्रथम नवलच वाटलें! धन्यानें चाकरास शक्तीप्रमाणें काम, वेळेवर सुटी व आजारांत शुश्रूषा द्यावी, असेंही त्याच सुत्तांत आहे. यशाच्या पुस्तकांत हा भाग आम्हांस अद्याप आढळला नाहीं.